हिरव्या अक्षरांतली मापं

"हॅलो? … हां आई, बोला… येतंय ऐकू, बोला ना."

वायरवाली तेव्हा दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनच्या टेबलाखाली गुडघे टेकून बसली होती. एका हातात केबल, तोंडात स्क्रू आणि फोन कान-खांद्याच्या मधे दाबलेला. ऑफिसांतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे, बिघडले की सोडवायचे, हा तिचा धंदा. त्यामुळे जाईल तिथे तिला वायरवालीच म्हणत आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. फोनवर सासू होती. सासूबाई एका बुटांच्या कारखान्यात बावीस वर्षं पायांची मापं घेतात. बाजारातला कुठलाच बूट ज्यांना होत नाही, एक पाय आखूड, एक टाच वाकडी, अशांसाठी तिथे बूट बनतात. कामाच्या वेळात फोन करणं हे सासूबाईंच्या स्वभावातच नव्हतं. घराला आग लागली तरी ही बाई संध्याकाळी येऊन सांगेल.

"नाही, कामात नाही… म्हणजे आहे, पण बोला… काय केलंत? … अरे वा! तुमचं तुम्ही केलंत? … कधी? … आत्ता??"

स्क्रू तोंडातून तळहातावर आला.

"आई, एक मिनिट. शनिवारी तुम्ही म्हणालात ना, माझा झालाय म्हणून? … हो, मी विचारलं होतं. मी म्हटलं, आई, तुमचा राहिलाय… आणि तुम्ही म्हणालात, माझा मी केला… नाही हो, रागावले नाही. मी कशाला रागावू? … आवाज तसा नाहीये, टेबलाखाली आहे म्हणून तसा येतोय."

रागावली नव्हती, पण काळजात चर्र झालं होतं हे खरं. कारखान्यात एके काळी चाळीस माणसं होती, तेव्हाचा तो सर्व्हर. सर्व्हर म्हणजे दारावरचा राखणदार. कोण आत येणार, कुणाची किल्ली कुठली, सगळं त्याच्याकडे. याला म्हणायचं डोमेन. आता माणसं उरली अकरा. अकरा जणांना राखणदार हवाय कशाला, ज्याची किल्ली त्याच्या खिशात, असं साधं वर्कग्रुप करून टाका, हे मालकांना सासूबाईंनीच पटवलं. वर "माझी सून करेल आणि नीट करेल" हेही ठणकावून सांगितलं. शनिवारी वायरवालीने दहा कॉम्प्युटर हलवले. अकरावा सासूबाईंचा. त्याला हात लावायची सोय नव्हती. त्या म्हणाल्या, बघून बघून शिकलेय, माझं मी करीन, वहीत सगळं लिहून घेतलंय. संध्याकाळी म्हणाल्या, झालं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर वायरवालीने तिथल्या तिथे "दाखवा" म्हटलं असतं. पण सासूला "दाखवा बरं" म्हणायला छाती लागते. तिने मुकाट्याने सर्व्हर पुसून कोरा केला आणि भंगारवाल्याच्या गाडीत चढवला. बरोबर वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारा तो जुना बॅटरीचा डबाही दिला.

"बरं, आता वहीत काय लिहिलंय ते वाचा… हो, एकेक पायरी… हं… हं… डोमेनच्या ऐवजी वर्कग्रुपवर टिंब… हं… नाव घातलं… बरोबर… स्वागत आहे असं आलं… बरोबर… आता मला सांगा, याच्या आधी काय लिहिलंय? … नाही, त्याच्याही आधी. … हीच पहिली? … पान उलटून बघा ना. … मागे काहीच नाही?"

काहीच नसणार! वायरवालीला आता लख्ख आठवलं. शनिवारी सकाळी तिने आधी एक फेरी मारून दहाही कॉम्प्युटरांवर नवी नावं आणि नवे पासवर्ड तयार करून ठेवले होते. त्या फेरीला सासूबाई आतल्या खोलीत एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वही घेऊन आल्या त्या दुसऱ्या फेरीला. म्हणजे वहीत सगळं अक्षर न् अक्षर बरोबर, फक्त सुरुवातच नाही.

"आई, आत्ता स्क्रीनवर काय आहे? … चौकट. काय म्हणते? … बंद करून पुन्हा चालू करा. … खाली दोन बटणं, 'आत्ता' आणि 'नंतर'. हं. … आई, हात काढा. … माउसवरचा हात. काढा. … मांडीवर ठेवा. … दोन्ही."

"… कारण तुम्ही बंद केलात ना, की परत आत जाता येणार नाही. … जुनी किल्ली चालायची नाही, राखणदारच गेला. आणि नवी आपण केलीच नाही. … नाही, तुमची चूक नाही. माझी. मी बघायला हवं होतं. … आई, माझीच! आता यावर वाद नको."

पलीकडे कुणी तरी भिंतीत ड्रिल घुसवत होतं. दातांच्या दवाखान्यातलं ड्रिल वेगळं, ते आतल्या खोलीत चालू होतं. वायरवालीचा एक कान इकडे आणि एक तिकडे.

"मागे कोण ठोकाठोक करतंय? … कोण इलेक्ट्रिशियन? … नवा बोर्ड? … अकराला मेन बंद करणार? आज? … त्याला म्हणावं दुपारी कर. … दुपारी त्याला दुसरं काम… मालकांनीच बोलावलंय… बरं. तुमच्याकडे किती वाजले? … माझ्याकडे पण तेवढेच. असो. पंचवीस मिनिटं आहेत. … बॅटरी? … ती मी भंगारात दिली. … हो, मीच दिली. बोलू नका."

टेबलावरून रिसेप्शनिस्टचं डोकं खाली डोकावलं.

"पाच मिनिटं हां, फक्त पाच… तुम्हाला नाही हो आई, इथे एक जण आहे. … आता 'नंतर'वर जा. दाबू नका. आधी वाचून दाखवा कुठल्या बटणावर आहात. … हं, दाबा. … गेली चौकट? काही झालं नाही? … छान. काही न होणं हेच पाहिजे आपल्याला."

"आता भिंगाचं चित्र आहे ना खाली, तिथे टाइप करा. सी, एम, डी. … डी. डब्यातला. … आलं वरती? उजवं बटण दाबा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. … विचारेल, हो म्हणा. … काळी खिडकी ना? घाबरू नका, ती काळीच असते. … आता मी सांगेन तेच. एन, ई, टी. मोकळी जागा. यू, एस, ई, आर. मोकळी जागा. आता तुमचं नवीन नाव. … काहीही ठेवा, तुमच्या मनाचं. … 'माप'? झकास. एम, ए, पी. … मॅप दिसू दे, आपल्याला कळलं म्हणजे झालं. … मोकळी जागा. आता पासवर्ड. … मला सांगू नका! तुम्ही घाला. … मोकळी जागा. आता तिरकी रेघ. … हो, दोन आहेत. पुढे झुकलेली. … पुढे म्हणजे… घाईत चालणाऱ्या माणसासारखी. … ती नाही ना, ती आरामखुर्चीत रेललेली! … प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. … हां. तिला चिकटून ए, डी, डी. आता एन्टर."

"… काय म्हणतोय? … लांबलचक म्हणजे? … रेघ उलटी पडली असणार. … आरामखुर्चीवालीच टाकलीत ना? … काही नाही, वरच्या बाणाचं बटण दाबा, लिहिलेलं परत येतं. … पुसा. … बदला. … एन्टर. … काय? परत वाचा. … झालं! आई, झालं! … अहो, 'कम्प्लीटेड' म्हणजे झालंच."

वायरवालीचा जीव भांड्यात पडला. तिने टेबलाच्या पायाला पाठ टेकली आणि पाय लांब केले. अकराला अजून चौदा मिनिटं होती. चला, सुटलो, असं तिला वाटलं आणि इथेच जरा गडबड झाली. सुटलो असं वाटलं की माणूस बोलत सुटतो.

"आता खुशाल बंद करा. बाकीचं मी संध्याकाळी येऊन बघते. फक्त एक आहे, नव्या नावाने आत गेलात की सगळं रिकामं दिसेल. घाबरून मला फोन करू नका. तो तुम्हाला नवीन माणूस समजतो. तुमच्या फाइली आत असतात, जुन्या नावाच्या फोल्डरमध्ये. मी काढून देईन. … हो, तुमचं ते मापांचं 'पावलं' पण. … सगळी हो, नऊशे चौदाच्या नऊशे चौदा. … रंग? … रंगाचं काय? … कसला हिरवा? … नावं हिरवी? … फाइलींची नावं हिरवी आहेत? … सगळ्यांची?"

"आई! थांबा! … दाबलंत का? … दाबलंत का ते सांगा आधी! … नाही ना. … नाही दाबलं. … नाही दाबलं ना."

आतल्या खोलीतलं ड्रिल बंद पडलं. गाल धरून बसलेला एक पेशंट उठून टेबलापलीकडे बघायला लागला. 

"… हिरवी म्हणजे कुलूप आहे त्यांना. … तुम्ही लावलंत. सुरक्षित करा असा पर्याय असतो, त्यावर खूण केली असणार. … केलीत ना. … कधी? … आठ महिने झाले. … अहो, छान दिसतात म्हणून काय… आई, ऐका. त्या कुलपाची किल्ली तुमच्या जुन्या नावाला बांधलेली आहे. कॉम्प्युटर बंद झाला की जुनं नाव संपलं. … नाही. … माझ्याच्याने पण नाही उघडणार. … कुणाच्याच नाही. … असते, एक जादा किल्ली असते. सर्व्हरवर. … हो. तोच. … मी पुसला ना तो."

शेवटचं वाक्य ती इतकं हळू बोलली की तिला ते पुन्हा बोलावं लागलं.

'पावलं' म्हणजे नुसत्या इंचांच्या याद्या असत्या तर ठीक होतं. त्यात सासूबाईंच्या हातचं सगळं होतं. याची डावी टाच दुखते पण विचारल्याशिवाय सांगत नाही. हिला बूट लग्नात घालायचाय, जाड तळ बाहेरून दिसता कामा नये. हा जिना उतरताना उजवीकडे भार टाकतो, तिथे कातडं दुहेरी. कारागीर त्यावरून लाकडी साचे घडवत. हे गेलं तर नऊशे माणसांना पुन्हा बोलवायचं आणि त्यातल्या कितीतरी जणांना आता येणं होणार नाही. मालक कुणाला काय बोलतील ते सोडा. बावीस वर्षं पाण्यात गेली असती आणि पाणी सुनेने सोडलं असतं.

"पेनड्राइव्ह आहे का कुठे? … कारागिरांकडे, साच्यांच्या फोटोंचा, तो चालेल. मागा. … फोन ठेवू नका! … आणला? लावा. … जात नसेल तर उलटा करून लावा. … हं. 'पावलं'वर उजवं बटण, कॉपी. … पेनड्राइव्ह उघडा. पेस्ट. … काय विचारतोय? … हां, कुलपाशिवाय कॉपी करू का म्हणतोय. हो म्हणा. … हो म्हणा ना आई. … का नाही? … अहो, पेनड्राइव्हवर ते कुलूप चालत नाही, एवढंच म्हणणं आहे त्याचं. … कोण वाचणार? … कोण?"

"… मी?"

टेबलाखाली बसल्या बसल्या वायरवालीचा चेहरा उतरला.

"… म्हणजे कुलूप माझ्यासाठी होतं."

खरं तर तिनेच ओढवून घेतलं होतं. आठ महिन्यांपूर्वी मालकांनी तिला पहिल्यांदा तो सर्व्हर बघायला बोलावलं. त्या संध्याकाळी जेवताना ती ऐटीत म्हणाली होती, आता मला कारखान्यातल्या सगळ्यांचं सगळं दिसतं. नवरा हसला, सासूबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फाइली हिरव्या झाल्या.

"… नाही, लागलं नाही. … लागलं. थोडं लागलं. पण ते आपण नंतर बघू. … गिऱ्हाइकांनी विश्वासाने सांगितलेलं असतं, कळतं मला. … मी शब्द देते आई, एक ओळ वाचणार नाही. पेनड्राइव्ह तुमच्या पर्समध्ये राहू दे, माझ्या हातात देऊच नका. … खाली एक छोटा चौकोन आहे, सगळ्यांना हेच उत्तर, त्यावर खूण करा आणि हो म्हणा. … केलं? … चाललंय? … आकडा वाचत राहा."

"… साठ. … हळू आहे, जुना आहे तो, चालू दे. … एकशे दहा. … कोण ओरडतंय? … अजून दहा मिनिटं आहेत की! … त्यांना फोन द्या. … द्या तर खरं. … नमस्कार काका. … हो, सून त्यांची. … काका, अकराच्या आधी हात लावू नका हां, पाया पडते. … बोर्ड उघडा पडलाय, कबूल. … तुमची घाई कळते मला. … हो, अकरा म्हणजे अकरा, नंतर मी एक शब्द बोलणार नाही. … द्या त्यांच्याकडे."

"… किती? … चारशे. … बरं. … मी आहे ना, फोनवरच आहे. … पाणी प्या. … मी पण नाही प्यायले, असू दे. … सातशे. … आई, हात मांडीवर आहेत ना? … आठशे नव्वद… नऊशे… नऊशे तेरा. आल्या! आल्या आई सगळ्या!"

"… एक राहिली? … काय म्हणतो? … उघडी आहे. मग बंद करा की ती, खाली पट्टीवर दिसेल. … राहू दे म्हणजे? … अहो, चार मिनिटं आहेत, अर्ध्या मिनिटाचं काम. … नऊशे तेरा आणल्या आणि एका बिचाऱ्याला सोडायचं? … कुणाची आहे? … वाचत नाहीये हो मी, नुसतं नाव विचारतेय. कोण गिऱ्हाईक? … आई? … ऐकताय ना? … कुणाचं माप आहे?"

"… तुमचं?"

पलीकडचं ड्रिल थांबलं होतं. बोर्डाचं काम बहुतेक होत आलं होतं.

"तुम्ही तुमच्याच पायाचं… कशाला? … बधिर म्हणजे? मुंग्या येतात तसं? … काहीच कळत नाही. … कुठली बोटं? … तीन. … आधी एकच होतं. … दर महिन्याला मोजता. … आणि सूज. … खिळा? कुठला खिळा? … कारखान्यातला. … घुसलेला कळलाच नाही? … मग कसं कळलं? … घरी मोजा काढल्यावर. … आई, हे कधी झालं? … आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी कामावर गेलात. … डॉक्टरांना दाखवलं? … यांना सांगितलं? … मला?"

"… काळजी कराल म्हणून! … मग करणारच ना! … नाही, ओरडत नाहीये मी! … ओरडतेय. हो, ओरडतेय. आठ महिने आपण एका घरात राहतो आणि तुम्ही ते फाइलमध्ये लिहून कुलूप लावता? … परक्या गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घेता तुम्ही, त्याला दहा वेळा विचारता दुखतं का म्हणून… नाही, बंद करा ती फाइल आणि कॉपी करा. … शब्द बाकीच्यांसाठी दिला होता. ही मी वाचणार. … वाचणार! बंद करा आधी! … हॅलो? … काय झालं? … दिवे गेले? … स्क्रीन?"

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. इलेक्ट्रिशियन दिलेल्या वेळेला पक्का होता, त्याला काय नावं ठेवणार. वाद घालण्यात चार मिनिटं गेली, ती या दोघींची.

"… गेली ती फाइल. … बरं झालं म्हणता? … बरं."

वायरवालीने हातातली केबल खाली ठेवली. मनगटाने डोळे पुसले, नाक ओढलं. समोर रिसेप्शनिस्ट पाण्याचा ग्लास घेऊन उकिडवी बसली होती, तो तिने घेतला आणि नुसताच धरून ठेवला.

"… हो, रडतेय. रडू नको तर काय करू? … तुम्ही नका रडू. तिथे माणसं आहेत. … पेनड्राइव्ह काढा, पर्समध्ये टाका. नऊशे तेरा आहेत, एकाचंही काही गेलं नाही. मालकांना सांगा, काम झालं. … आई, एक विचारू? एखाद्या गिऱ्हाइकाचं माप हरवलं तर तुम्ही काय करता? … हं. … पुन्हा घेता. … मग संध्याकाळी तुमचा टेप बरोबर ठेवा. … माझ्याकडचा लोखंडी आहे, वायरी मोजायचा, तो नको. … मी घेणार. … येत नाही मला, माहितीये. तुम्ही सांगा कुठे धरायचं ते. … दोन्ही पायांचं. … आणि ते घेऊन उद्या सकाळी डॉक्टरांकडे. … यांना मी सांगते, ते माझ्यावर सोडा. … लाज कसली त्यात? पाय आहे तो. … नाही, चालत यायचं नाही, मी गाडी घेऊन येते. चारला. … असू दे दात, दातवाल्यांना मी सांगते काय सांगायचं ते."

"… अहो ऐका ना. तेवढं सांगून ठेवा, माप घेताना आधी काय करायचं असतं? … गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं. … मग बसा आई. मी येईपर्यंत उठायचं नाही. … ठेवते."